सहा दारांचा तलाव

मिस्त्रींच्या घरात माणसं दोन आणि दारं सतरा. घराला बसवलेली दारं ह्यात धरलेली नाहीत, ती वेगळी. ही सतरा मागच्या अंगणात, पत्र्याच्या छपराखाली, एकमेकांना टेकून उभी होती. मिस्त्रींनी चाळीस वर्षं सुतारकाम केलं, त्यात दारंच जास्त. आता जुनी घरं पडत होती आणि घरं पाडणारा ठेकेदार ओळखीचा होता. "मिस्त्री, तुमचं एक दार निघालंय," असा त्याचा फोन आला की मिस्त्री हातगाडी घेऊन निघत आणि शाळा सुटल्यावर पोराला आणावं तसं ते दार घरी आणत. सगळी भरीव लाकडाची. एकावर घराचा नंबर होता, एकाला पत्रं टाकायची फट होती आणि एकाच्या कडेला कुणाच्या तरी मुलांची उंची पेन्सिलीनं मांडलेली होती.

"ह्या दारांचं करायचं काय?" बाई विचारत.

"लागतात कधी तरी," मिस्त्री म्हणत. भंगार जमवणाऱ्या प्रत्येक माणसाचं हेच उत्तर असतं आणि ते कधी खरं ठरत नाही. इथं ठरलं.

बाई म्हणजे मिस्त्रींच्या पत्नी. तीस वर्षं त्यांनी शहरबसमध्ये कंडक्टरकी केली. आवाज असा, की मागच्या दाराशी उभं राहून त्यांनी "पुढं सरका" म्हटलं की ड्रायव्हरही सीटवर जरा पुढं सरकत असे. निवृत्त झाल्यावर बस सुटली, पण सवय सुटली नाही. पाहुणे आले की "आत सरका, दारात गर्दी नको." मिस्त्रींना जेवायला उशीर झाला की "शेवटची गाडी गेली, आता सकाळी." मिस्त्री कुरकुर करत, पण खरं सांगायचं तर ह्या आवाजाशिवाय त्यांना घर घरासारखं वाटतच नसे.

तीस वर्षं उभं राहून बाईंच्या उजव्या गुडघ्याचा पार भुगा झाला होता. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. महिन्याभरानं त्या काठी टेकत बसस्टॉपवर गेल्या. बस आली, दार उघडलं, समोर पायरी. बाईंनी पाय उचलला, तो अर्ध्यातच थांबला. आतून एक तरणाताठा कंडक्टर ओरडला, "आजी, हात द्या, हात! मागं माणसं खोळंबलीत."

बाईंनी हात दिला नाही. त्या वळल्या आणि घरी आल्या.

त्या दिवसापासून घर गप्प झालं. बाई खिडकीशी बसत, विचारलं तेवढ्याचं उत्तर देत. मिस्त्री मुद्दाम उशिरा जेवायला आले, तरी शेवटच्या गाडीचं नाव नाही. ताट झाकून ठेवलेलं. मिस्त्रींना भीती वाटली. भांडणारी बायको चालते, झाकलेलं ताट चालत नाही.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं होतं. "पाण्यात चाला. कमरेइतक्या पाण्यात, रोज अर्धा तास, दोन महिने. पाण्यात वजन लागत नाही, गुडघा मोकळा होईल. आत्ता आळस केलात, तर आज वाकतोय तेवढाच वाकेल, पुढं नाही."

पोहण्याचा तलाव शहराच्या दुसऱ्या टोकाला. मिस्त्री म्हणाले, "रिक्षानं नेतो."

"मी जगाला बसमध्ये चढवलं," बाई म्हणाल्या, "आणि मी रिक्षानं जाऊ? जाईन तेव्हा बसनंच जाईन. नाही जमलं तर नाही जाणार." एवढं बोलून त्या पुन्हा खिडकीबाहेर बघू लागल्या.

आता बसमध्ये चढायचं तर गुडघा हवा, गुडघ्यासाठी पाणी हवं आणि पाण्यापर्यंत जायला बस हवी. मिस्त्रींनी ह्या गाठीवर तीन दिवस डोकं खाजवलं. चौथ्या दिवशी सकाळी दात घासत ते मागच्या अंगणात उभे होते, समोर सतरा दारं होती आणि ब्रश तोंडातच राहिला.

दार आडवं ठेवलं तर लांबी साडेसहा फूट आणि उंची तीन फूट. दोन लांबीला, एक रुंदीला, असं चारी बाजूंनी फिरलं की सहा दारं. तीन फूट म्हणजे बाईंच्या कमरेच्याही जरा वर, कारण आवाज सोडला तर बाईंचं बाकी सगळं बेताचं होतं.

मिस्त्रींनी कामाला हात घातला. जुन्या लोखंडी खाटांचे पाइप कापून भिंतींना बाहेरून तिरके टेकू दिले. ट्रकवर माल बांधायचे फाटके पट्टे आणून, शिवून, सहाही दारांभोवती तीन पदरी आवळले. कड्या, बिजागऱ्या, कुलपं काढली आणि पत्राची फट लाकडानं बुजवली. पेन्सिलीच्या खुणा तेवढ्या तशाच ठेवल्या. आत अंथरायला फ्लेक्सवाल्याकडून रस्त्यावरच्या मोठ्या फलकाचा उतरवलेला फ्लेक्स मिळाला. त्यानं तो गरम हवेनं जोडून दुहेरी करून दिला. जाहिरात टूथपेस्टची होती. अंथरल्यावर तळाला एक प्रचंड जबडा हसत होता, एकेक दात उशीएवढा.

"मी ह्या दातांवर चालायचं?" खिडकीतून बाईंनी विचारलं. पंधरा दिवसांत आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न.

"चावत नाहीत," मिस्त्री म्हणाले आणि मनातल्या मनात खूश झाले.

पाण्याचा प्रश्न शेजारच्या रोपवालीनं सोडवला. तिची कुंपणापलीकडं रोपवाटिका होती, विहीर होती आणि पंप होता. तिनं कुंपणावरून पाइप टाकला, दोन तासांत तलाव भरला. भिंती जरा कण्हल्या, पण हलल्या नाहीत. वरून बघितलं तर पाण्याखाली तो जबडा डुलत होता. मिस्त्रींनी चार पायऱ्यांची सुबक शिडी केली होती, तिच्या कडाही गोल घासल्या होत्या. ती त्यांनी भिंतीला लावली आणि बाईंना हाताला धरून आणलं.

बाई शिडीसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी शिडीकडं पाहिलं, तीन फुटी भिंतीकडं पाहिलं, मग मिस्त्रींकडं पाहिलं.

"मी चढू कशी?"

पाइपातून उरलेलं पाणी ठिबकत होतं. मिस्त्रींनी सगळं मोजलं होतं, लांबी, रुंदी, बाईंची कंबर, पाण्याचा जोर, आणि ज्या गुडघ्यासाठी हा सारा खटाटोप, तो गुडघा शिडी चढू शकत नाही एवढंच विसरले होते.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," रोपवाली पुटपुटली.

बाईंच्या तोंडातून आधी नाकात अडकल्यासारखा आवाज आला. मग त्या हसायला लागल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं दारं केलीत. ह्याच्या घराला दार, त्याच्या घराला दार. आणि जिथं खरंच दार पाहिजे होतं, तिथं सहाच्या सहा दारं ठोकून बंद केलीत!" आणि शिडीला धरून त्या इतक्या हसल्या की शिडी हलू लागली.

मिस्त्रींचा चेहरा पडला होता, पण कान सुखावले होते. फजितीचं काही नाही, ती धुता येते.

दुसऱ्या दिवशी पाणी सोडून देऊन त्यांनी एका भिंतीला करवत लावली. आपलंच दार आपण कापायचं म्हणजे जिवावर येतं, पण कापलं. सव्वादोन फूट रुंदीची चौकट बसवली. पाण्याचा जोर तळाशी जास्त असतो, म्हणून चौकटीला खाली उंच उंबरा ठेवायचा आणि त्याच्यावर अर्धं दार लावायचं, असं ठरलं. उंबरा किती उंच? ह्या प्रश्नाशी मिस्त्री जरा थांबले. मग टेप खिशात टाकून कुणाला न सांगता बसस्टॉपवर गेले.

बस आली, दार उघडलं आणि मिस्त्री खाली वाकून पायरीला टेप लावू लागले.

"ओ आजोबा," आतून तोच तरणा कंडक्टर ओरडला, "बस विकत घ्यायचीय का?"

"परवडली तर," मिस्त्री म्हणाले. रस्त्यापासून पहिली पायरी चौदा इंच होती.

उंबरा चौदा इंचांचा झाला. त्याच्या आत आणि बाहेर मिस्त्रींनी एकेक इंच जाडीच्या जुन्या दगडी फरश्या रचल्या, दोन्हीकडं बारा बारा. आता बाईंना फक्त दोन इंच पाय उचलायचा होता. "उंबरा उंच लागतो, त्याला इलाज नाही," असं त्यांनी बाईंना सांगितलं. टेप, बस आणि पुढचा बेत ह्यांबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. बाईंना बसची पायरी म्हणून सांगितली असती, तर त्या पहिल्याच दिवशी चौदा इंचांवर गेल्या असत्या, किंवा मग कधीच गेल्या नसत्या. मधला रस्ता हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता.

दार त्यांनी बाहेरच्या बाजूला उघडेल असं लावलं, कारण आत जागा कमी. कडेनं ट्रकच्या टायरची ट्यूब कापून चिकटवली, भक्कम कडी घातली. बाईंना लांब बसवून तलाव भरून पाहिला. तीन फुटांना चार बोटं कमी असताना कडीचे स्क्रू एकेक करून बाहेर आले, दार धाडकन उघडलं आणि सगळा तलाव एका उडीत अंगणात आला. मिस्त्रींच्या चपला, रंधा आणि चहाची किटली घेऊन पाणी कुंपणाखालून पलीकडं गेलं.

रोपवाली घोटाभर पाण्यात उभी होती, हातात किटली. मिस्त्री हात जोडून माफी मागायला गेले.

"थांबा," ती म्हणाली. "माझी आजची पाणी घालायची पाळी झालीसुद्धा." तिनं वाफ्यांकडं बघितलं. "नाही तरी हे पाणी रोज रोपांनाच जातं. आधी तुमच्याकडून जाऊ दे, मग माझ्याकडं. फक्त पाइपानं पाठवा, धाड घातल्यासारखं नको."

चुकीनं असा मार्ग दाखवला. मिस्त्रींनी तळाला बुचाचा नळ बसवला आणि दाराची बिजागरी फिरवून ते आतल्या बाजूला उघडेल असं केलं. आता पाणीच दाराला बाहेरच्या चौकटीवर दाबून धरणार होतं. पाणी जितकं जास्त, तितकं दार घट्ट.

"गर्दीच्या वेळी आमच्या बसचं दार असंच उघडायचं नाही," बाई म्हणाल्या. त्यांना तत्त्व लगेच कळलं.

पण ह्यात एक गोम होती. पाणी असेपर्यंत दार उघडणार नाही, म्हणजे माणसानं आधी रिकाम्या तलावात जाऊन बसायचं, दार लावायचं आणि मग तलाव भरायचा. तसंच झालं. सकाळी नऊ वाजता बाई जुन्या सलवार-कमीजमध्ये दोन इंचांचा उंबरा ओलांडून आत गेल्या आणि टूथपेस्टच्या समोरच्या दोन दातांवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या. मांडीवर परातीत मटार. मिस्त्रींनी दार लावलं, रोपवालीनं पंप सुरू केला.

पाणी घोट्याला लागलं. बाई मटार सोलत होत्या. पाणी पोटऱ्यांना आलं. दाराच्या कोपऱ्यातून एक बारीक चिळकांडी उडाली ती नेमकी रोपवालीच्या कानात, मग ट्यूब फुगून बसली आणि चिळकांडी बंद झाली. मिस्त्रींनी दाराला पाठ लावली होती, जणू काही झालंच असतं तर त्यांची पाठ ते थोपवणार होती. पाणी मांडीला लागलं तेव्हा बाईंनी परात भिंतीवरून रोपवालीच्या हातात दिली आणि त्या उठल्या. खुर्ची लगेच तरंगली आणि त्यांच्या मागं मागं फिरू लागली.

"हिला तिकीट दिलंय का?" बाईंनी विचारलं.

पहिल्या दिवशी सहा फेऱ्या झाल्या, दुसऱ्या दिवशी आठ. पाणी सोडलं की दार उघडायचं, बाई बाहेर, पाणी रोपांना. महिन्याभरात रोपवालीची झेंडूची रोपं इतकी वाढली की ती म्हणू लागली, तुमच्या गुडघ्यात खत आहे.

मिस्त्रींचा बेत मात्र वेगळाच चालला होता. दर चार दिवसांनी, दुपारी बाई झोपल्या की ते हळूच मागं जात आणि आतली एक, बाहेरची एक फरशी काढून छपराखाली नेऊन ठेवत. दोन इंचांचे तीन झाले, तीनचे चार. बाई पाय उचलत आणि आत जात. मिस्त्री तोंड दुसरीकडं करून उभे राहत, पण बघत सगळं. पाचव्या इंचाला बाई क्षणभर थांबल्या तेव्हा मिस्त्री तोंड वळवायचं विसरले. मग बाईंनी पाय टाकला.

एकदाच घोटाळा झाला. बाईंची प्रगती बघून मिस्त्रींना जोर चढला आणि एका दुपारी त्यांनी दोन्हीकडच्या दोन-दोन फरश्या काढल्या. दुसऱ्या सकाळी बघतात तो एकेकच कमी. त्यांनी तीनदा मोजल्या. वय झालं, आता मोजमापही चुकायला लागलं, असं स्वतःशी म्हणत ते गप्प बसले. ही गोष्ट त्यांना लागली, कारण सुताराचं बाकी काही गेलं तरी चालतं, माप जाऊन चालत नाही.

दोन महिन्यांचा शेवट आला. शेवटची फरशी निघाली. त्या सकाळी बाई दारापाशी आल्या तेव्हा चौदा इंचांचा उंबरा उघडा, सरळ उभा होता. मिस्त्री पंपाच्या पाइपाशी उगाच काही तरी करत होते.

बाईंनी चौकटीला हात लावला. उंबऱ्याकडं जरा वेळ बघितलं.

"चौदा," त्या म्हणाल्या.

"काय चौदा?"

"इंच. अहो, तीस वर्षं मी ह्या उंचीवरून चढले-उतरले. दिवसातून शंभरदा. माझ्या पायाला ती पाठ आहे. उंबरा बसवलात त्याच दिवशी कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोललात?" बाई म्हणाल्या. "आणि माणसं मोजण्यात माझा जन्म गेला. बारा फरश्या मोजता येत नाहीत मला? बाराच्या अकरा झाल्या, दहा झाल्या, मी रोज बघत होते. एकदा तुम्ही घाई केलीत, एका दमात दोन काढल्यात. ती एक-एक मी रोपवालीकडून परत ठेवून घेतली. माझा पाय तयार नव्हता."

कुंपणापलीकडं रोपवाली एकदम खूप मन लावून कुंड्या पुसू लागली.

म्हणजे माप चुकलं नव्हतं. मिस्त्रींना हायसं वाटलं, रागही आला आणि डोळ्यांत पाणी आलं, हे तिन्ही एकदमच. "दोन महिने मी चोरासारखा फरश्या वाहतोय," ते म्हणाले.

"वाहा की. तुम्हालाही व्यायाम," बाई म्हणाल्या. त्यांनी ऑपरेशनचा पाय उचलला. तो वर गेला, गुडघा वाकला, आणखी वाकला, उंबऱ्यावरून पलीकडं उतरला. मग दुसरा. आत उभ्या राहून त्यांनी श्वास सोडला आणि दार लावून घेतलं. "पंप सुरू करा, उशीर होतोय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तलाव भरू दिला नाही. त्या धुतलेली साडी नेसून, काठी घरी ठेवून बसस्टॉपवर गेल्या. मिस्त्री दोन पावलं मागं. बस आली, दार उघडलं. तरण्या कंडक्टरनं त्यांना ओळखलं आणि सवयीनं हात पुढं केला, "आजी, हात..."

तोवर बाई वर होत्या. आत जाऊन त्या वळल्या. खाली मिस्त्री पायरीकडं बघत नुसतेच उभे होते, त्यांना पुढचं काही दिसत नव्हतं.

"ओ," बाई ओरडल्या, आणि अख्खी बस दचकली, "दारात उभे राहू नका! चढा, आत सरका, मागं भरपूर जागा आहे!"

मिस्त्री चढले. ते आत सरकले. बाईंनी मान वर करून घंटेच्या दोरीकडं पाहिलं आणि त्या तरण्या कंडक्टरला विचारलं, "मी ओढू का?" त्यानं मान हलवली. बाईंनी दोनदा दोरी ओढली आणि बस निघाली.